आठ अंशांची चूक

माझा धाकटा भाऊ पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे. मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी काढून तो मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घरी आला होता. असरची वेळ झाली. अम्मीने नेहमीच्या जागी, लोखंडी कपाटाच्या कडेला धरून मुसल्ला अंथरला. भावाने खिशातून मोबाईल काढला, त्यातले किब्ला दाखवणारे होकायंत्र सुरू केले आणि हसत म्हणाला, "अम्मी, आप तो आठ डिग्री बाएँ खड़ी हैं."

अम्मीने तेव्हा लक्ष दिले नाही. नमाज झाली, दुआ झाली. मुसल्ल्याची घडी घालता घालता तिने मला विचारले, "ये सच बोल रहा है क्या?" मी मुलांना सायन्स आणि गणित शिकवते, म्हणून घरात अशा गोष्टींचा निकाल माझ्याकडे येतो. मी म्हणाले, "हो, खरे आहे." अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तो चालीस बरस की नमाजें तिरछी गईं?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून निघाला आहे.

त्याच रात्री गच्चीवर भावाने आपली बाजू मांडली. तीन वर्षांपासून तो नमाज पढत नाही, आणि माझ्यापासून त्याने ते कधी लपवले नाही. आता अम्मीलाही ते माहीत आहे. त्याच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे. तो म्हणाला, "आपा, धर्म मानणाऱ्या लोकांनी कधी जमीन सपाट मानली, कधी सूर्य जमिनीभोवती फिरवला. विज्ञानाने एकेक चूक खोडून काढली. ईश्वर ही त्याच यादीतली शेवटची चूक आहे, एवढेच."

गंमत अशी, की त्याच्या अगदी उलट बोलणारा एक मुलगा माझ्या नववीच्या वर्गात आहे. हुशार आहे, हिफ्जही करतो. प्लूटोचा धडा चालू असताना तो उठून म्हणाला, "मॅडम, साइंस तो रोज बदलता है. पहले प्लूटो ग्रह था, २००६ में निकाल दिया. जो रोज बदले उस पर भरोसा कैसे करें?"

माझा भाऊ आणि हा मुलगा एकमेकांना भेटले तर भांडतील. पण दोघांचे गृहीत एकच आहे. दोघांना वाटते, विधान एक तर बरोबर असते किंवा चूक असते, आणि जे चूक ते सगळे सारखेच चूक. एकाने त्यावरून ईश्वर खोडला, दुसऱ्याने विज्ञान. अम्मीच्या प्रश्नातही तेच गृहीत होते. किब्ला चुकला म्हणजे नमाज गेली.

खरेच चूक म्हणजे चूकच का? आमच्या घरातल्या त्या आठ अंशांचाच हिशेब करून पाहू.

नागपूरचे अक्षांश २१ अंश ९ मिनिटे उत्तर, आणि मक्केचे २१ अंश २५ मिनिटे उत्तर. म्हणजे दोन्ही गावे जवळपास एकाच आडव्या रेषेवर आहेत. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मक्का नागपूरच्या जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला येते. आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम हे समीकरण पक्के झाले, त्यात वाडवडिलांचा काही बेजबाबदारपणा नव्हता. जमीन जर त्या नकाशासारखी सपाट असती तर पश्चिम हेच उत्तर ठरले असते. पण जमीन गोल आहे. गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता आडव्या रेषेवरून जात नाही. मी अम्मीला हे टरबुजावर दाखवले. देठापासून सारख्या अंतरावर दोन खुणा केल्या आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणला. दोरा आपोआप देठाकडे सरकला. तसाच नागपूरहून मक्केला ताणलेला दोरा आधी थोडा उत्तरेकडे चढतो, वाटेत साडेबावीस अक्षांशाच्या आसपास पोचतो आणि मग खाली उतरतो. म्हणून नागपूरचा किब्ला पश्चिमेपासून सुमारे आठ अंश उत्तरेकडे आहे.

भाऊ म्हणाला, "मोबाईलवर विश्वास ठेवायचा तर ठेव. तू स्वतः कुठे पाहिलेस?" हा प्रश्न मला आवडला. दरवर्षी २८ मेच्या सुमारास आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या अगदी माथ्यावर असतो. त्या क्षणी जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याकडे तोंड म्हणजेच किब्ल्याकडे तोंड. १६ जुलैच्या सुमारासही २ वाजून ५७ मिनिटांनी असेच होते, पण तेव्हा विदर्भात आभाळाचा भरवसा नसतो.

म्हणून नवतप्यातल्या त्या दिवशी आम्ही गच्चीवर चढलो. एक मीटर उंचीची सळई ओळंबा लावून उभी केली. तिच्याभोवती ७४ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढले. २.४८ ला सावली एवढीच पडणार, हे गणित मी आदल्या रात्री करून ठेवले होते. सकाळी साडेनऊनंतर सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला टेकले, तिथे खूण केली. दुपारी २.४८ ला सावली पुन्हा वर्तुळाला टेकली, दुसरी खूण केली. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे खरी पूर्व-पश्चिम. ही युक्ती मूळची हिंदुस्थानातली मानली जाते, म्हणून अरबी ज्योतिर्विद तिला 'दायरा-ए-हिंदिया' म्हणत. भावाने त्या रेघेला आणि सावलीला कोनमापक लावला. आठ अंशांच्या आसपास. अम्मी जिन्याच्या सावलीत उभी राहून सगळे पाहत होती.

आता या चुकीचे माप बघा. आठ अंश चुकून सरळ पुढे जात राहिले, तर मक्केच्या सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेकडून आपण निघून जाऊ. नमाजीसाठी नाही, पण प्रवाशासाठी ही मोठीच चूक आहे. जमीन गोल धरून हिशेब केला की ती जवळजवळ सगळी निघते. तरी पूर्ण निघत नाही, कारण जमीन नीट गोलही नाही. ध्रुवांकडे ती दबलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. हा २१ किलोमीटरचा फरक धरला तर किब्ल्याचा कोन आणखी बदलतो, पण तो एका अंशाच्या लहानशा भागाइतकाच. त्यापुढच्या दुरुस्त्या डोळ्यांना दिसणाऱ्याच नाहीत.

म्हणजे सपाट जमीनही चूक, आणि गोल जमीनही काटेकोरपणे पाहिले तर चूकच. पण जो या दोन्ही चुका सारख्या मानतो तो त्या दोघांपेक्षा मोठी चूक करतो. माझ्या नववीतल्या मुलाला मी हेच सांगितले. विज्ञान बदलते हे खरे. पण ते कसे बदलते ते बघ. पहिली दुरुस्ती आठ अंशांची झाली, दुसरी अंशाच्या तुकड्याची. उद्या कोणी शास्त्रज्ञ उठून जमीन चौकोनी आहे असे म्हणणार नाही. प्लूटोचे तर नावच बदलले. तो होता तिथेच फिरतो आहे. आणि जुने उत्तरही कचऱ्यात जात नाही. घर बांधणारा मिस्त्री आजही जमीन सपाटच धरतो, आणि घर नीट उभे राहते.

याचा एक धडा आपल्या दाराशीच आहे. नागपूरहून वर्ध्याकडे गेले की हिंगणघाट लागते. तिथे विल्यम लॅम्ब्टन या मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ त्याने पहिली आधाररेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी आणि अर्ध्या टनाचे कोन मोजण्याचे यंत्र घेऊन तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याने देह ठेवला. त्याला जे प्रश्न सोडवायचे होते त्यातला एक असा होता : एका अंशाची लांबी सगळीकडे सारखी असते की नाही? म्हणजेच जमीन नेमकी किती दबलेली आहे? पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्याच्या पथकाची नाजूक यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर अर्काटचा होता, सय्यद मीर मोहसिन हुसेन. एव्हरेस्टने १८३० साली जमिनीची जी त्रिज्या काढली ती आजच्या उपग्रहांच्या मापापेक्षा एक किलोमीटरहूनही कमी अंतराने चुकली आहे. ६,३७८ किलोमीटरमध्ये एक किलोमीटरहून कमी! त्याला चूक म्हणावे की इबादत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता भावाकडे वळते. धर्म मानणारी माणसे जमीन सपाट मानत होती, हे त्याचे पहिले वाक्यच तपासून घेतले पाहिजे. नवव्या शतकात खलीफा मामूनच्या विद्वानांनी सिंजारच्या मैदानात उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाची लांबी मोजली. लॅम्ब्टनचा प्रश्न, पण त्याच्या हजार वर्षे आधी. त्यानंतर अल्-बिरूनी झाला. नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती अंश खाली झुकते ते मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. १०२५ साली त्याने 'तहदीद निहायात अल्-अमाकिन' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातले एक मोठे काम म्हणजे गझनी शहराचा किब्ला ठरवणे. एकाच पद्धतीवर विसंबून न राहता त्याने तो कोन वेगवेगळ्या रीतींनी काढून पाहिला. आपले गणित चुकू शकते हे ज्याला ठाऊक आहे तोच असे करतो. प्रश्न ईमानाने दिला आणि उत्तर भूमितीने. बिरूनीने एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले नाही.

हे सांगून माझी सुटका होत नाही, हे मला कळते. आपल्या समाजात धर्माच्या नावाने जगाविषयी बेधडक विधाने होतात. आजार कशाने होतो, चंद्र आज दिसणे शक्य आहे की नाही, पोलिओच्या थेंबांत काय मिसळले आहे. पल्स पोलिओच्या ड्युटीवर मी दारोदार फिरले आहे. बंद दारांमागून काय काय ऐकावे लागले ते आठवते. अशी विधाने त्याच मोजपट्टीखाली येतात जिच्याखाली एव्हरेस्टची त्रिज्या येते. त्यांच्यासाठी आपण सवलत मागू नये. आणि जो ईश्वराला विज्ञानाच्या न सुटलेल्या प्रश्नांच्या फटीत बसवतो, त्याचा ईश्वर दर दुरुस्तीबरोबर लहान होत जाणार. इथपर्यंत भावाचे म्हणणे मला मान्य आहे.

पण ईश्वर आहे, हे विधान त्याच प्रकारचे आहे का? कुरआनात हजरत इब्राहीमची हकिकत आहे. त्यांनी तारा पाहिला, मग चंद्र, मग सूर्य. प्रत्येक वेळी हा माझा रब असे म्हटले, आणि तो मावळल्यावर त्याला सोडले. पहिल्या तीन पायऱ्या विज्ञानाच्या शिडीसारख्या दिसतात. प्रत्येक नवे उत्तर आधीच्यापेक्षा मोठे, अधिक तेजस्वी. पण चौथ्या वेळी त्यांनी सूर्याहून मोठे काही शोधले नाही. ज्याने हे सगळे निर्माण केले त्याच्याकडे त्यांनी तोंड वळवले. तिथे माप वाढले नाही. मापाचा प्रश्नच मागे पडला. विज्ञानात दुरुस्ती दर वेळी लहान होत जाते. इथे शेवटचे पाऊल लहानही नाही आणि मोठेही नाही, ते दुसऱ्याच जातीचे आहे.

भाऊ लगेच म्हणेल, "मग ते तपासणार कसे? गच्चीवर सावली पडली, तुझ्या ईश्वराची सावली कुठे पडते?" याला माझ्याकडे उत्तर नाही. मी मानते. लहानपणापासून मानले आणि विचार करूनही मानते. पण त्याच्यापुढे सळईसारखे उभे करता येईल असे माझ्याजवळ काही नाही. त्याच्याजवळही नाही. सपाट जमिनीची चूक आठ अंशांची, हे तो दाखवू शकतो. ईश्वराची चूक किती अंशांची, हे तो दाखवू शकत नाही. म्हणून त्याची यादी शेवटच्या नावापाशी तुटते.

इथे एक गोष्ट मला आपल्याच लोकांना सांगायची आहे. आपला अकीदा असा की अल्लाहसारखे दुसरे काहीच नाही. म्हणजे त्याच्याविषयी माझ्या मनात जे चित्र उभे राहते ते अपुरेच असणार. लहानपणी मला अल्लाह हजेरीची वही घेऊन बसलेल्या मुख्याध्यापकासारखा वाटायचा. आज तसा वाटत नाही. पण आजचे चित्र कितपत बरोबर आहे हे मोजायला वर्तुळ नाही, कोनमापक नाही. जिथे माप आहे तिथे दुसऱ्याला "तू एवढा चुकलास" असे म्हणण्याचा हक्क मिळतो. जिथे माप नाही तिथे आवाज खाली असायला हवा. आपण मात्र उलटे करतो. गणिताच्या वर्गात "बहुतेक" म्हणतो आणि दुसऱ्याच्या ईमानाचा निकाल एका दमात लावतो.

आपले फुकहा याबाबतीत आपल्यापेक्षा सावध होते. हनफी मताप्रमाणे मक्केपासून दूर राहणाऱ्याला काबागृहाच्या नेमक्या बिंदूकडे तोंड करणे बंधनकारक नाही, त्याने 'जिहत' म्हणजे दिशा सांभाळली तरी पुरे. दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत नमाज होते. अम्मीचे आठ अंश त्यात सहज बसतात. अनोळखी ठिकाणी किब्ला कळेना, विचारायलाही कोणी नसेल, तर 'तहर्री' करावी, म्हणजे अकलेने शक्य तेवढा शोध घ्यावा आणि मन जिकडे कौल देईल तिकडे तोंड करून नमाज पढावी. नंतर दिशा उलटी निघाली तरी ती नमाज परत पढायची नाही. याच्या पुढचा मसला मला फार मोठा वाटतो. तहर्री करून एक दिशा ठरली, पण माणूस मुद्दाम दुसरीकडे तोंड करून उभा राहिला आणि योगायोगाने तीच खरी दिशा निघाली, तर इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद यांच्या मते त्याची नमाज झाली नाही. इमाम अबू यूसुफ यांचे मत वेगळे आहे. पण पहिल्या दोघांच्या निकालाचा अर्थ बघा. प्रामाणिक शोधातून झालेली चूक चालते, स्वतःच्या शोधाशी बेईमानी करून मिळालेले बरोबर उत्तर चालत नाही. मुज्तहिद चुकला तरी त्याला एक सवाब आणि बरोबर ठरला तर दोन, ही हदीस आपल्याला पाठ आहे. तिच्यातही हेच आहे.

मग माझ्या भावाचे काय? त्याने शोध घेतला आणि त्याचे मन जिकडे गेले तिकडे तो उभा राहिला. बसऱ्याचा अल्-जाहिज नवव्या शतकात असे मानत असे, की ज्याने पूर्ण प्रयत्न करूनही सत्य गवसले नाही तो माफ आहे. इमाम गज़ाली यांनी हे मत तपासले आणि नाकारले. अक्कल ते अशक्य म्हणत नाही, पण शरियत त्याला आधार देत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तरीही ज्यांच्यापर्यंत दीनचा पैगाम पोचलाच नाही, किंवा विपरीत रूपात पोचला, त्यांना त्यांनी माफीच्या दाराबाहेर ठेवले नाही. मी या थोरांच्या पायाशी बसायच्याही लायकीची नाही. पण भावाचा निकाल लावायची जबाबदारी माझ्यावर टाकलेली नाही, एवढे मला त्यांच्या मतभेदातून कळते. पैगाम त्याच्यापर्यंत कोणत्या रूपात पोचला, हे मला स्वतःलाच विचारायला हवे. त्याने लहानपणी एक प्रश्न विचारला होता, तेव्हा घरात कोणीतरी त्याच्या थोबाडीत दिली होती. ती थप्पड किती अंशांची चूक होती?

आमचे अब्बा मागावर बसायचे. ते म्हणत, चूक दोन प्रकारची असते. बाण्याचा धागा चुकला तर चार बोटे उसवायचे आणि पुढे विणायचे. ताणा चुकला तर सगळे थान बिघडते, आणि विणताना ते लक्षातही येत नाही. सपाट जमीन, पश्चिमेचा किब्ला, एव्हरेस्टची त्रिज्या या बाण्याच्या चुका. "मी चुकूच शकत नाही" ही ताण्याची चूक. ती मशिदीत होते तशी प्रयोगशाळेतही होते.

अम्मीला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. मी तिला हिजरतीनंतरचा प्रसंग सांगितला. सोळा-सतरा महिने बैतुल मुकद्दसकडे तोंड करून नमाज चालू होती, मग किब्ला काबागृहाकडे फिरला. तेव्हा लोकांना हाच प्रश्न पडला, की जे आधीच्या किब्ल्याकडे तोंड करून गेले त्यांच्या नमाजांचे काय? त्यावर कुरआनने दिलासा दिला, की त्यांचे ईमान अल्लाह वाया जाऊ देणार नाही. अम्मीने ऐकून घेतले. म्हणाली, "ये पहले दिन ही बोल देती." मग भावाला हाक मारून खडूने फरशीवर रेघ मारायला सांगितली. त्याने मारली. नमाजीला तो उभा राहिला नाही आणि अम्मीनेही त्याला म्हटले नाही. आता मुसल्ला कपाटापासून थोडा तिरपा पडतो. कपाट आहे तिथेच आहे.

नववीतल्या त्या मुलाला मी १६ जुलैला शाळेच्या मैदानात सळई घेऊन यायला सांगितले आहे. त्या दिवशी ढग असले तर पुढच्या मे महिन्यापर्यंत वाट पाहू.